आतली छिन्नी

नाईलकाठच्या तानिस नगरीत, पाथरवटांच्या कामशाळेत भर दुपारी मी एका जुन्या राजाच्या शवपेटीवरचं नाव खोडत होतो. आमचा राजा लिबियातून आलेल्या, केसांत पीस खोवणाऱ्या घराण्यातला. त्याला हीच पेटी हवी होती. आमच्या या राजाचं नाव आम्ही कालच आतल्या अंगाला कोरून झाकण लावलं होतं. नाव पुसलं की माणूस पुसला जातो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पण जुन्या राजासाठी रडतंय कोण?

माझ्या प्रत्येक घावामागून आतून एक घाव ऐकू येत होता.

"घुमतंय रे ते," माझा जोडीदार नेसमिन हसला. "म्हातारा झालास तू!"

मी हात थांबवला. आतले घाव थांबले नाहीत.

मग नेसमिनही हसेना. पहारी लावून आम्ही झाकण सरकवलं. आत कोणीच नव्हतं. तळाशी ताजा चुरा पडला होता, आणि आम्ही काल कोरलेलं नाव जवळजवळ खोडून झालं होतं. आमच्या डोळ्यांदेखत त्याचा शेवटचा टवका उडाला.

"चल, राजाला सांगायला हवं!" मी ओरडलो.

नेसमिन माझ्याकडे वळला. तो थट्टा करत नव्हता.

"कुठल्या राजाला?"

नाव सांगायला मी तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं.