चौथ्या मजल्यावरची तिजोरी

"नियम असा आहे," भरपाईचा अधिकारी म्हणाला, "हर्निया कामावर झाला म्हणायचं, तर कळ तिथल्या तिथे यायला हवी आणि काम तिथेच थांबायला हवं."

"कळ आली ना, साहेब. तिजोरी चढवताना. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर." हमाल खुर्चीच्या कडेला टेकला होता, एक हात जांघेवर दाबून. ऑपरेशनशिवाय ओझ्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. दावा मंजूर झाला तर ऑपरेशन होणार होतं. नाही तर त्याचं काम कायमचं सुटलं.

"कळ आली हे पाहिलं कुणी?"

दाराबाहेर थांबलेल्या जोडीदाराला आत बोलावलं. सतरा वर्षं या दोघांनी मिळून लोकांचे संसार जिन्यांवरून चढवले-उतरवले. आज गडी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दोस्तासाठी काय बोलू नि काय नको, असं झालं होतं त्याला.

"तुम्ही कुठे होतात?"

"मी खाली, हा वर, मध्ये तिजोरी. दोनशे किलोची."

"हा ओरडला?"

"ओरडतोय कसला!" जोडीदाराची छाती फुगली. "हूं की चूं नाही केलं."

हमालाने त्याला डोळ्यांनी दटावलं. जोडीदाराने मान हलवली. काळजी करू नकोस, मी आहे ना!

"मग तिजोरी मध्येच ठेवली असेल?"

"छे! थेट चौथा मजला. वर आणि एक कपाट चढवलं. हाडाचा कामगार आहे, साहेब. असा माणूस शोधून सापडायचा नाही."

मागे बाकावर हमालाची बायको बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"साहेब, मी सोडली असती तर हा खाली..." हमाल घाईने म्हणाला.

"म्हणजे धरायची ताकद होती." अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि कागद जोडीदारापुढे सरकवला. "साक्षीदार म्हणून सही करा. तुमच्यामुळे माझं काम सोपं झालं."

जोडीदाराने दोन रेघा ओढून झोकात सही केली.

निकाल टपालाने येणार होता. वाट पाहण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. तिघं जिना उतरू लागले. हमाल कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होता, जोडीदार सवयीने त्याच्या दोन पायऱ्या खाली.

"काय वहिनी," तो वर बघून हसला, "साहेबासमोर मान राखला की नाही दोस्ताचा?"

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली,

"सोडायची होती हो तुम्ही ती तिजोरी."