आरगॉनची बाटली

बाटलीवरचा रेग्युलेटर नीट बसला होता, तरी तिने तो सोडवून पुन्हा बसवला.

स्टुलावर बसलेले काका तिचे हात पाहत होते. ते तिचे सख्खे काका नव्हते. तिच्या वडिलांबरोबर तेवीस वर्षं खोल पाण्यात उतरलेला माणूस. पाणबुड्यांच्या क्लबात सगळे त्यांना पाणमांजर म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंही. उद्या ते जुन्या खाणीच्या तळ्यात जाणार होते, पंचावन्न मीटर खाली, चार अंशांच्या पाण्यात. सूटची मांडणी तुझ्याच हातची हवी, असा त्यांचा हट्ट होता.

वर्षभर तिने या कामाला हात लावला नव्हता.

पाठीवरच्या मोठ्या सिलिंडरांत हेलियम मिसळलेला असतो. तो श्वासाला ठीक, पण अंगाभोवती भरला तर ऊब पळवतो. म्हणून पाणी आत न येऊ देणाऱ्या कोरड्या सूटसाठी वेगळी छोटी बाटली, आरगॉनची, डाव्या कुशीला बांधलेली. तिची नळी छातीवरच्या बटणाला जोडायची. माणूस जसजसा खाली जातो तसतसा पाण्याचा दाब सूट अंगावर आवळत नेतो. बटण दाबून थोडा थोडा वायू आत घेतला नाही, तर श्वाससुद्धा घेता येत नाही.

"तुझा बाप म्हणायचा," काका म्हणाले, "जन्मात एकच बाटली धरली, तीही पिता येत नाही."

ती हसली नाही. नळी तिने काखेखालून पुढे घेतली, चाप बसवला, ओढून पाहिला.

वडिलांचा डावा खांदा धरलेला होता. जाड हातमोजे चढवल्यावर त्यांचा हात बाटलीचा वायू उघडबंद करायच्या खुंटीपर्यंत पोचत नसे. म्हणून घरचा नियम ठरलेला: बाटली घरीच जोडायची, खुंटी उघडायची, बटण दाबून आवाज ऐकायचा आणि मग ती उघडीच ठेवायची. हे काम एकोणिसाव्या वर्षापासून तिचं होतं.

गेल्या वर्षी त्या दिवशी ते पाण्यातून वर आणले गेले तेव्हा खुंटी घट्ट बंद होती.

चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं होतं, मांडणी कोणी केली? तिने सांगितलं, बाबांनी स्वतः. खाली सही केली. तिची सही नेहमीपेक्षा चांगली आली होती, हे तिला अजून आठवत होतं. आईला तिने एवढंच सांगितलं की थंडीने त्यांचं हृदय थांबलं. अहवाल टेबलाच्या खणात, जुन्या रबरी कड्यांच्या डब्याखाली गेला.

आणि आज पाच वाजता क्लबात त्यांच्या आठवणीची सभा होती. नव्या शिकणाऱ्यांसाठी ती दुर्घटना उदाहरण म्हणून वाचली जाणार होती. काकांनीच तो कागद सकाळी आणून दाखवला होता. त्यात एक ओळ होती: अनुभवी माणसाचा निष्काळजीपणा. आईला पहिल्या रांगेत बसायचं बोलावणं होतं.

तिने खुंटी उघडली. दाबाचा काटा वर चढला. बटण दाबलं, सूटच्या छातीत वायू फुसफुसला. बोट काढल्यावरही ती त्या बटणाकडे पाहत राहिली.

"काका, ती मांडणी माझी होती."

काका स्टुलावरून उठले. मग म्हणाले, असं कसं होईल, काठावर आपण स्वतः ऐकलं होतं. तिच्या बापाने एकदा बटण दाबलं होतं आणि आवाज आला होता.

"नळीत थोडा वायू अडकलेला असतो. बाटली बंद असली तरी एकदा आवाज येतो."

"म्हणजे तू उघडली होतीस."

"उघडली, पाहिली आणि परत बंद केली असणार. सामान धुऊन ठेवताना करतो तशी. हाताच्या सवयीनं. सकाळी माझं नि बाबांचं वाजलं होतं, माझं डोकं जाग्यावर नव्हतं." ती थांबली. "मी आठवायचा खूप प्रयत्न केला. बंद केल्याचं आठवतच नाही. यापेक्षा वाईट काय असेल?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते इतकंच म्हणाले की वर्षभर लोक त्याला वेंधळा म्हणत होते आणि आपणही मान डोलवत होतो, त्याची आता लाज वाटते. तो कागद आजच बदलून घेऊ.

"पण आधी तुझ्या आईला सांग," दारातून ते म्हणाले. "सभेत कळायला नको. मी गाडी पुढे आणतो."

ती बाकाशी उभी राहिली. काय बोलायचं ते तिने तीनदा मनात जुळवलं आणि तिन्ही वेळा त्यात स्वतःला थोडं वाचवलेलं तिला दिसलं. चौथ्यांदा तिने फक्त चार शब्द ठेवले.

आई आली. बाहेर जायचे कपडे घातलेले, हातात पर्स, केस नीट बांधलेले. वर्षभरात पहिल्यांदाच ती या खोलीत पाय टाकत होती. भिंतीवरच्या हातमोज्यांकडे तिने पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"झालं का गं तुझं? पाणमांजर हॉर्न वाजवायला लागेल आता."

"आई, जरा बस. बाबांबद्दल सांगायचंय. मी तुझ्याशी खोटं बोलले."

आई बसली नाही. तिचं लक्ष बाकावर मांडून ठेवलेल्या सामानाकडे होतं. ती वाकली, स्वयंपाकघरात रोज फिरतो तसा तिचा हात फिरला आणि बाटलीची खुंटी पार शेवटपर्यंत बंद झाली.

"बापलेक अगदी एका माळेचे मणी," ती म्हणाली. "गॅस उघडा टाकायचा आणि खुशाल बोलत बसायचं. हे गेले त्या सकाळीही असाच उघडा होता. माझं लक्ष गेलं, म्हणून बंद तरी झाला."