आडवा हात

चुन्नीलालजींनी कोहमाऱ्याच्या चौकात भोजनालय काढलं, मग गोंदियात दुसरं. भात मात्र डोक्यावर पांढरी टोपी चढवून ते स्वतःच वाढत. "पुरे" म्हटलं तरी थांबत नसत. गिऱ्हाइकाने ताटावर हात आडवा धरला, तरच हसून पुढे सरकत.

नात उर्वशीने आमगावच्या आपल्या नव्या जेवणाच्या हॉलमध्ये 'आपलं आपण वाढून घ्या' अशी पाटी लावली, तेव्हा ते भडकले. "वाढणारा हातच नाही, ते कायचं जेवण, पोरी? तुझ्या फरशीले माझे पाय लागणार नाहीत!"

शब्दाचे पक्के. हॉल न पाहताच ते वारले. उर्वशीला तेच सलत राहिलं.

परवा भर दुपारी पहिल्यांदाच आलेला एक ट्रकवाला जेवता जेवता ताटावर हात आडवा धरून बसलेला तिला दिसला. समोर कोणीच नव्हतं.

"भाऊ, हात काऊन धरून राहिले?"

"मंग काय करू, ताई? तुमचे ते टोपीवाले बाबा 'पुरे' म्हटलं तरी ऐकतेत कुठं! पण या वयात काय लगबग आहे हो त्यांची..."



"...फरशीले पाय लागतच नाहीत!"