उंबरा तेवढा राहिला

मोरीची भिंत पुन्हा बसली होती. गेल्या रविवारी झिपरूनं उभी केली आणि या रविवारी अख्खा कोपरा खाली!

"झिपरू, अरे सिमेंट घालतोस की नुसतं नाव घेतोस सिमेंटचं?" विश्वनाथ ओरडला.

झिपरूनं एकदा आबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "चुकलं, भाऊ. परत बांधतो."

"बघा, बघा!" आबा खुर्चीतून कडाडले. "असल्या माणसाच्या हाती घर दिलंय. मी मेल्यावर होणार हे पुरं."

हे ऐकलं की विश्वनाथ स्वतःलाच बोल लावायचा. वडिलांची एक इच्छा, आणि तीसुद्धा आपल्याच्यानं होत नाही!

आबा वनखात्यातून निवृत्त झालेले. सिल्वासात किलवणी नाक्याजवळ त्यांनी मातीच्या भिंतींचं, गावठी कौलांचं घर बांधलं, पण वास्तुशांत काही घातली नाही. "घर जरा नीट करू, मग घालू," असं म्हणता म्हणता चौऱ्याऐंशी साली विश्वनाथची आई, प्रमिलाबाई, गेल्या. तेराव्याला सगळ्या नातेवाइकांसमोर आबांनी हातात पाणी घेतलं.

"घर नीट करीन. वास्तुशांत घालीन. हिच्या नावाचं पान वाढलं की देवा, मला ने. एक दिवस मागे राहणार नाही."

बायका डोळे पुसायला लागल्या. आबांचा शब्द म्हणजे शब्द, हे सगळ्यांना ठाऊक. विश्वनाथच्या लग्नात त्यांनी असंच पाणी सोडून तंबाखू टाकली होती, ती पुन्हा तोंडाला लावली नाही.

विश्वनाथनं शपथेतला मरणाचा भाग मनावर घेतला नाही. म्हातारी माणसं असं बोलतातच. घराचा भाग मात्र त्याच्या छातीवर बसला.

तो प्रशासनाच्या कचेरीत कारकून. पगारातून एका वर्षी छप्पर, एका वर्षी फरशी, असं चालायचं. झिपरू खानदेशातला गवंडी. आठवडाभर राखोलीच्या धाग्याच्या कारखान्यात पाळी करायचा आणि रविवारी यांच्याकडे यायचा. माणूस गरीब, हात चांगला. शेजारच्या रमाकांतचा ओटा त्यानं बांधला, त्याला बारा वर्षांत भेग नाही. यांच्याकडेच काय व्हायचं कोण जाणे! कधी गिलावा सुटायचा, कधी उतार उलटा पडून पाणी स्वयंपाकघरात यायचं. एकदा तर दाराची नवी चौकट बसवताना चिरली. आबांनी ती लगेच परत पाठवली.

"तडा गेलेल्या लाकडाला हळदकुंकू लागत नाही," ते म्हणाले. "जंगलात जन्म गेलाय माझा. मला शिकवू नका."

त्या वर्षीचा मुहूर्त हुकला.

"दुसरा गवंडी बघते मी," विश्वनाथची बायको रजनी एकदा त्याच्यावर चिडून म्हणाली.

"खबरदार!" आबा आतून ओरडले. "सुरू केलं त्यानंच संपवायचं. गवंडी बदललेलं घर लाभत नाही, सूनबाई."

मग काय बोलणार? आबांचं असंच. दर रविवारी कामाशेजारी खुर्ची टाकायची, झिपरूला शिव्या घालायच्या, आणि शिव्या संपल्या की चहाचा कप मात्र स्वतः नेऊन द्यायचा. दोघं मान खाली घालून काहीबाही कुजबुजायचे. "भांडतात काय, गूळपीठ काय!" रजनी हसायची.

दरम्यान नात झाली, ममता. तिला दादऱ्याच्या बागेत तळ्याकाठी फिरवणं, शाळेच्या रिक्षापर्यंत दप्तर नेणं, ही आबांची कामं. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी त्यांनी अंगणात चिकूचं कलम लावलं.

"फळं खाणार कोण, आबा?" विश्वनाथनं विचारलं.

"तुझी लेक खाईल. पाणी घालायला माझं काय जातं?"

सत्त्याण्णव साली विश्वनाथनं मात्र कंबर कसली. आबांना आता धाप लागायची, हात थरथरायचे. आणखी थांबलो तर जन्मभर तोंड दाखवायला जागा नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं महिन्याची रजा टाकली, झिपरूलाही कारखान्यातून सुटी घ्यायला लावली आणि दिवसभर त्याच्या डोक्यावर उभा राहिला. आणि काय आश्चर्य! एक भिंत पडली नाही, एक फरशी उचकटली नाही.

घर झालं. गुलाबी भिंती, रंगीत फरशी, मंगळुरी कौलं. गुरुवारचा मुहूर्त निघाला, पत्रं गेली. आता फक्त सागाचा उंबरा बसवायचा राहिला होता.

बुधवारी सकाळी विश्वनाथ आबांच्या पायाशी बसला आणि एवढा मोठा बाप्या लहान मुलासारखा रडला.

"झालं, आबा. तुमच्या डोळ्यांदेखत झालं."

"हो रे बाळा," आबा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले. "गुणाचा आहेस तू."

मग विश्वनाथ आणि रजनी पूजेचं सामान आणायला बाजारात गेले. ममता शाळेत होती. अंगणातल्या चिकूला यंदा पहिल्यांदाच फळं धरली होती, पण अजून ती कच्ची होती.

झिपरूनं उंबरा जागेवर ठेवला, पाणसळ लावून पातळी पाहिली आणि हातोडा उचलला. आबांनी खुर्ची जवळ ओढली.

"मधोमध घाल," ते हळूच म्हणाले. "जोरात. तडा गेला पाहिजे."

झिपरूचा हात थांबला. "नको, आबा. तेरा वर्षं तुम्ही म्हणाल ते पाडलं, भाऊच्या शिव्या खाल्ल्या. पण आज भाऊ रडला हो."

आबांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"एवढ्या वेळी ऐक रे, झिपरू. मला नाही मरायचं."