तिसरं सील

उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने पुन्हा तेल ओघळलं होतं. अर्नाळ्यापर्यंत जाऊन आलेली जीप अंगणात उभी होती आणि फेबियन तिच्याखाली आडवा पडून त्या ओघळाकडे बघत होता. दीड महिन्यातलं हे तिसरं ऑइल सील, चाकापाशी तेल अडवणारी रबरी कडी.

माणिकपूरला त्याने पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं होतं. ॲक्सलचं सील लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून सारखं ठोकायचं, केसभर तिरपं बसलं की तेल बाहेर येतं, हे त्यानेच कितीतरी कारागिरांना शिकवलं. पण गेल्या वर्षी उजव्या अंगावरून वारं गेलं. हात पूर्ण बरा झालाय, असं डॉक्टर म्हणाले. फेबियनचा विश्वास बसेना, म्हणून त्याने या जीपवर स्वतःची परीक्षा घ्यायची ठरवली. तिसरंही गळलं तर आयुष्यात पुन्हा पान्याला हात लावणार नाही, असं त्याने बायकोला सांगून टाकलं. हेलनने लगेच हो म्हटलं. इतक्या पटकन तिने आजवर कशालाच हो म्हटलं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

तो बाहेर सरकला आणि एकेक पाना पुसून पेटीत भरायला लागला. त्याला फार वाईट वाटत होतं.

सून स्टेफी पायरीवर उभी होती. कालचं सील दुकानातून तिनेच आणलं होतं.

"पप्पा, काल दुकानदार विचारत होता, ब्रीदर मोकळा आहे का. ॲक्सलवरची ती बारीक टोपी, हवा जायची." ती थांबली. "तुम्ही हॉस्पिटलात होता ना, तेव्हा मी जीपला खालून काळा रंग मारला. खाऱ्या हवेने गंज धरलेला. तुम्ही घरी आल्यावर बरं वाटेल म्हणून. त्या टोपीवर पण मारला. दोन हात."

"मग काल का नाय बोललीस?"

"भीती वाटली. म्हटलं, हे सील टिकेल कदाचित."

फेबियन पुन्हा जीपखाली गेला. पेचकसाच्या टोकाने त्याने टोपीवरचा जाड रंग खरवडून काढला. तापलेल्या ॲक्सलमधून फुस्स करून हवा सुटली आणि बराच वेळ सुटत राहिली. आत कोंडलेली तीच हवा इतके दिवस तेल बाहेर ढकलत होती. त्यापुढे कुणी कितीही सरळ सील बसवलं असतं, तरी ते गळलंच असतं.

स्टेफी बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. सासऱ्याला तीनदा चाक खोलायला लावलं, ही काही साधी गोष्ट नव्हती. फेबियन बाहेर आला तो डोळे पुसत, आणि तेलकट हाताने पुसल्यामुळे अर्धं तोंड काळं करून.

"काय केलंस म्हणालीस? परत सांग."

"टोपीवर रंग मारला. सॉरी, पप्पा."

"मोठ्याने बोल," तो म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे वळला. "हेलन, जरा बाहेर ये. स्टेफी काय सांगते ते ऐक. चूक हिची आहे, माझ्या हाताची नाय."