चौथं व्रत

वस्तरा गळ्यापाशी आला तेव्हा मी बावतीसला सांगितलं, "मी इनासची धाकटी मुलगी."

साबण लावलेला त्याचा गळा वर-खाली झाला. तीन आठवडे तो आमच्या मठाच्या दवाखान्यात माझ्याच हातून पेज पीत होता, मला देवमाणूस म्हणत होता. मठात आल्यावर आमची नावं बदलतात, तो ओळखणार कसा? मीही घाई केली नाही. आधी त्याला माझ्या हाताची सवय लागू दिली.

देवळातल्या मारियेच्या मूर्तीचा सोन्याचा मुकुट माझ्या बाबांनी चोरला, अशी खोटी साक्ष यानेच क्रुसावर हात ठेवून दिली होती. बाबा कोठडीतच वारले. खांदा द्यायला गावातून चार माणसं निघाली नाहीत.

"दुसऱ्या सिस्टरला पाठवा," तो म्हणाला.

"ते कसं जमेल? इतर मठांत तीन व्रतं घेतात. आम्ही चौथंही घेतो, हाती आलेल्या आजाऱ्याला शेवटपर्यंत न सोडण्याचं. तुम्ही माझ्या वाट्याला आलात. हलू नका, कापेल."

एक ओरखडाही न उठू देता मी दाढी पुरी केली, कोमट पाण्याने तोंड पुसलं, उशी सारखी केली. त्याने माझी बाही घट्ट धरली.

"पोरी, खोटं बोललो मी. माफ केलं म्हण. एकदाच म्हण."

मी बाही सोडवून घेतली.

"माफ करायचं पाचवं व्रत आमच्यात नाही, बावतीसकाका. उद्या सहाला येते."