डाव्या अंगाचं दावं

पुठ्ठ्याच्या त्या चौकोनावर खुंटा होता आणि दावं होतं, बैल नव्हता.

लेक पुण्यात मोटारीच्या नव्या कारखान्यात लागला होता. त्याची मुलगी तेजश्री सुट्टीत हा प्राण्यांच्या जोड्या लावायचा खेळ इथंच विसरून गेली. सुंदररावांच्या हाताला लकवा मारल्यावर बोटांची हालचाल व्हावी म्हणून गीताबाई रोज दुपारी तो मांडायची. हत्ती जुळायचे, मोर जुळायचे. शेवटी दोन चौकोन उरायचे. पाखऱ्या बैल मेला, त्या आठवड्यापर्यंत दोन्हींवर बैल होते; आता एकावरच होता.

"छपाई उडाली असंल," सुंदरराव म्हणाले.

"बैलच बरा उडाला! दावं जागच्या जागी हाय."

पाखऱ्याचा जोडीदार हरण्या उजव्या अंगाचा. दुसऱ्या कुठल्याच बैलाशेजारी तो जू घेईना. तीन महिने बसून होता आणि त्याचं चारापाणी गीताबाईच्या गुडघ्यांवर होतं. त्याला विकू म्हणायला ती रोज तोंड उघडायची आणि नवऱ्याकडे बघून मिटायची.

आज तिनं चौकोन डोळ्यांजवळ धरला. चित्रातलं दावं ताणलेलं होतं.

ती गोठ्यात गेली. हरण्या रवंथ करत उभा होता. त्याच्या डाव्या बाजूला पाखऱ्याचं दावं तिनं अजून सोडलं नव्हतं. रोज जमिनीवर पडलेलं ते दावं खुंट्यापासून कमरेइतक्या उंचीवर ताठ झालं होतं. टोकाच्या फासात काहीच नव्हतं. फास हरण्याच्या रवंथाच्या लयीत हलत होता.

ती परत आली.

"पाणी पाजलंस का गं?"

"अवो, मी लई थकले," गीताबाई म्हणाली. "रविवारी नेकनूरच्या बाजारात नेऊन विकते. दोघांनाबी."